चांदमारीचा माळ विकायला काढला तेव्हा

कल्लाळीहून परत येऊन दोन महिने होत आले, तरी माझा राग उतरलेला नाही. एरवी प्रवासातल्या गैरसोयी, भांडणं घरी आल्यावर विरघळून जातात आणि गोड तेवढं मागे उरतं. यावेळी उलटं झालं. म्हणून हे लिहिताना मी राग लपवणार नाही. ज्यांना हुरड्याच्या आणि शेंगाचटणीच्याच गोष्टी हव्या असतील त्यांनी दुसरं काही वाचावं. हुरडा आहे यात, पण त्याची चव पुढे बिघडते.

मी चिपळूणची. शाळेत चित्रकला शिकवली, आता निवृत्त आहे. माझी मैत्रीण गौरा बिराजदार कल्लाळीला असते. तरुणपणी कोल्हापूरला आम्ही दोघी शिक्षिका होण्यासाठी शिकत होतो तेव्हा एका खोलीत राहायचो. होटगीच्या पुढे, आडबाजूला तिचं गाव. गावाला लागून लष्कराचा माळ आहे. महायुद्धाच्या वेळी तिथे छावणी पडली आणि नंतरही बरीच वर्षं जवान बंदुकीचा नेम धरायला येत, म्हणून गाव त्याला चांदमारी म्हणतं. आता लष्कराला तो नको झाला. जादा जमीन म्हणून ती विकायचं ठरलं.

‘जानेवारीत ये,’ गौरा फोनवर म्हणाली. ‘फुडच्या वर्षी बघायला मिळंल का न्हाय, मला सांगता येत न्हाय.’

मी गेले.

सोलापूर स्टेशनबाहेर रिक्षावाल्याला गावाचं नाव सांगितलं तर त्याने माझ्या बॅगेकडे आणि मग माझ्याकडे पाहिलं. ‘वां क्या हय मॅडम? कुच बी नै.’

‘चांदमारी आहे ना?’

‘वोइच तो बोल रा मैं. खाली मैदान.’

तेव्हा मला हसू आलं. पुढच्या चार दिवसांत हेच वाक्य शिकलेल्या, पगारी आणि इस्त्रीच्या कपड्यांतल्या माणसांकडून ऐकल्यावर हसू संपलं.

कल्लाळी, पहिली संध्याकाळ

खरं सांगायचं तर माळ पाहून माझी निराशाच झाली. आमच्याकडे घराच्या मागच्या दारात उभं राहिलं की फणस अंगावर येतो. इथे नजर कुठे टेकवावी तेच कळेना. एक झाड नाही. नुसतं पिवळं, कमरेएवढं वाळलेलं गवत, मधे गोळ्या अडवण्यासाठी कधीतरी घातलेला मातीचा बांध, आणि वर अवाढव्य आकाश. पन्नास पावलं चालले नसेन, तोवर माझ्या साडीचा काठ, मोजे, परकर सगळं कुसळांनी भरलं. गौरा पोट धरून हसत होती.

‘साडी नेसून चांदमारीला कोण येतंय? दोन दिवस कुसळं वेचत बस आता.’

तिने सुमेध गायकवाडलाही बोलावलं होतं. सुमेध होटगीला रेल्वेत आहे, राहतो सोलापुरात, आणि सुट्टीचा दिवस गळ्यात कॅमेरा अडकवून या माळावर काढतो. पस्तिशीचा, कमी बोलणारा. तो म्हणाला, ‘मॅडम, बसा हितं. बोलू नका.’

आम्ही बांधाच्या आडोशाला बसलो. सूर्य खाली गेला आणि उत्तरेकडून एक पक्षी आला. घारीपेक्षा सडपातळ, लांब पंख किंचित वर उचललेले. पंख न हलवता तो गवताच्या शेंड्यांवरून सरकत गेला. त्याच्यामागे दुसरा. मग मोजणं मी सोडून दिलं. ते सगळीकडून येत होते, माळावर गोल फिरत होते, आणि एकेक करून पाय खाली सोडून गवतात उतरत होते. उतरला की दिसेनासा होई. पिवळ्या पाण्यात कुणी बुडी मारावी तसं.

‘भोवत्या,’ सुमेध हळूच म्हणाला. ‘रशिया, कझाकस्तानाकडनं येतात. थंडीपुरते. झाडावर न्हाई झोपत ही पाखरं. उंच गवत लागतं, त्यात जमिनीवर झोपतात.’

‘मग इथेच का?’

‘आजूबाजूचं सगळं नांगरलं की. हितं बंदुका व्हत्या म्हणून नांगर आला न्हाई.’

हे मी त्या रात्री पुष्कळ वेळ मनात घोळवत होते. माणसं मारायचा सराव जिथे चालायचा तिथे पाखरं निर्धास्त झोपत आली, आणि बंदुका निघून गेल्यावर त्यांच्यावर उठायची पाळी आली.

घरी गौराने कडक भाकरी, भरल्या वांग्याची एण्णेगायी आणि दही वाढलं. आम्हा भातखाऊ माणसांना कडक भाकरी म्हणजे पापडच वाटतो. ती मोडताना माझ्या हातून तिचा चुरा ताटाबाहेर उडाला. शेजारच्या आजी डोकावून ‘ऊटा आत री?’ म्हणाल्या. जेवण झालं का, असं त्या विचारत होत्या, एवढं ओळखून मी मान हलवली, तर त्यांनी आणखी एक भाकरी आणून माझ्या ताटात ठेवली.

मल्लिनाथचा हुरडा

दुसऱ्या दिवशी गौराच्या धाकट्या दिराने, मल्लिनाथने, माझ्यासाठी हुरडा ठेवला होता. गौराचे यजमान काही वर्षांपूर्वी वारले. शेत दोघा भावांत वाटलेलं, पण चूल एकच. मल्लिनाथ मोठ्या मनाचा माणूस. आगटीशी स्वतः बसून त्याने कणसं भाजली, तळहातांवर चोळली, फुंकर मारून भुसा उडवला, आणि गरम हिरवे दाणे माझ्या ओंजळीत ओतले. सोबत शेंगाची चटणी, गूळ. मी आयुष्यात काही इतकं चवदार खाल्लेलं नाही, हे मला रागातही मान्य करावं लागतं.

खाता खाता त्यानेच विषय काढला.

‘बाई, वैनीनं तुमाला पाखरं दाखवली म्हणं. मीबी दाखवतो. त्यो बांध दिसतो का? तितं गेट. तितनं सरळ रस्ता. दोन्ही अंगाला प्लॉट. माझ्याबरोबर सोलापूरचे चौघं हायत. लिलावात आमीच घेणार.’

‘आणि पाखरं?’

‘पाखरांनी आमाला काय दिलं? माझी दोन्ही पोरं पुण्याला गेली. हितं काय हाय म्हणून थांबतील? शहर वाढायलंय बाई. लोकांनी राहायचं कुटं?’

‘कुठल्या लोकांनी? या गावातल्या?’

तो मोकळेपणाने हसला. ‘गावातल्याला परवडतंय व्हय ते?’

गौरा आगटीतला निखारा सारत होती. आता म्हणाली, ‘आणि रस्त्याचं सांगा की भावजी.’

अडचण अशी होती. माळावर जायचा जुना रस्ता लष्कराच्याच ताब्यात राहणार होता. दुसऱ्या बाजूने जायचं तर मधे बिराजदारांचं शेत, आणि त्यातली नेमकी ती पट्टी गौराच्या वाट्याला आलेली. ती पट्टी मिळाली नाही तर विकत घेतलेल्या प्लॉटवर उडतच जावं लागलं असतं.

‘वैनी कुटं न्हाय म्हणणार हायत?’ मल्लिनाथ म्हणाला आणि माझ्या ओंजळीत आणखी दाणे ओतले. ‘घरचंच काम हाय.’

गौरा हो म्हणाली नाही आणि नाहीही म्हणाली नाही. मला तिचा राग आला. इतकं कळतंय तर बोलत का नाही, असं मी तिला वाटेत विचारलंसुद्धा. ती म्हणाली, ‘तू चार दिसांनी गाडीत बसशील. मला ह्याच चुलीवर जेवायचं हाय.’

आग

गौराने आणि सुमेधने मिळून एक खटपट केली होती. हा माळ विकू नये, गवत आणि त्यातले जीव आहेत तसे राखावेत, अशी मागणी त्यांनी वरपर्यंत पोचवली होती. ती मान्य करावी का ते ठरवायला एक साहेब पाहणीला येणार होते. पाहणीच्या आदल्या दिवशी दुपारी आम्ही जेवून पान लावत बसलो होतो, तेवढ्यात बाहेरून कुणीतरी ओरडलं, ‘चांदमारी पेटली!’

आम्ही धावलो. वारा होता. आग एका जागी लागलेली नव्हती, वेगवेगळ्या कडांना एकाच वेळी लागली होती आणि आतल्या बाजूला सरकत होती. वाळलेलं गवत जळताना इतका आवाज होतो हे मला ठाऊक नव्हतं. खाली कडकड, वर धुराचा पिवळा डोंगर. गावातल्या काही बायका ओली पोती घेऊन आल्या. गौराने वाटेतल्या कडुलिंबाची फांदी मोडून माझ्या हातात दिली आणि आम्ही झोडपायला लागलो. एका जागची विझवावी तर शेजारची पेटे. माझ्या चपलेचा तळ वितळून मातीला चिकटला, तेव्हा चपला तिथेच सोडून मी गौराच्या मागे अनवाणी पळाले.

बांधावर माणसं उभी होती. हात खिशात. काहीजण मोबाइलवर चित्रण करत होते. मी ओरडले, ‘अहो, या ना खाली!’ एक जण म्हणाला, ‘गवतच हाय की बाई. जळू द्या.’

एक ससा आमच्या पायांतून सुटला. कोतवाल पक्षी धुरातून सूर मारून पळणारे किडे पकडत होते. त्यांची मेजवानी चालली होती. चंडोलाची एक जोडी एकाच जागेवर पुन्हा पुन्हा वर उडायची आणि खाली यायची, शेवटी खाली यायला जागाच उरली नाही. सुमेध कामावरून थेट आला तेव्हा आग खडकाळ भागाशी जाऊन आपोआप विझत होती. त्याने कॅमेरा काढला नाही. अंगातला रेल्वेचा शर्ट काढला आणि शेवटचा जळता पट्टा त्याने बडवून विझवला.

त्या संध्याकाळी माळाकडे पाहत कुणी थांबलं नाही. गौराने माझ्या तळपायांना खोबरेल लावलं. तोंड उघडलं असतं तर मी शिव्याच दिल्या असत्या, आणि चिपळूणच्या चित्रकलेच्या बाईंना येतात तेवढ्या शिव्या त्या दिवसाला पुरल्या नसत्या.

साहेब

साहेब दुसऱ्या दिवशी दुपार टळल्यावर आले. कुठल्या खात्याचे ते लिहीत नाही, सगळ्या खात्यांत असे सापडतील. जीपमधून उतरून त्यांनी काळ्याठिक्कर माळावर नजर फिरवली, बुटांना राख लागेल म्हणून कडेलाच उभे राहिले आणि म्हणाले, ‘इथं तर काहीच नाही.’

गौरा म्हणाली, ‘काल होतं.’

‘बाई, मी कालचं कसं लिहू?’

‘मग आजचं लिहा. कुणीतरी जाळलं, हे लिहा.’

‘कोणी जाळलं हे मला कसं कळणार? उन्हाने पेटतं कधी कधी.’

जानेवारीत! मी पुढे होणार होते, गौराने माझा हात धरला. ती अगदी शाळेतल्या आवाजात म्हणाली, ‘साहेब, दिवस मावळेपर्यंत थांबा. चहा घरचा हाय. आणि गाडी मी जाऊ देणार न्हाय.’ आणि ती खरोखरच जीपपुढे जाऊन उभी राहिली. ड्रायव्हरने इंजिन बंद केलं. साहेबांनी घड्याळ पाहिलं, गौराकडे पाहिलं आणि खुर्ची मागितली.

सूर्य खाली गेला. भोवत्या आल्या.

पहिल्या दिवशी पाहिल्या होत्या तशाच, सगळीकडून. त्या माळावर गोल फिरल्या. पुन्हा फिरल्या. एक खाली आली, पाय सोडले, राखेचा लहानसा ढग उठला, आणि ती दचकून वर गेली. दुसरीने तेच केलं. अंधार वाढत होता तरी त्या फिरतच होत्या, जणू गवत आत्ता होतं, आत्ताच कुणी हलवून ठेवलंय. मग थोड्या पूर्वेकडे निघून गेल्या. थोड्या तरीही फिरत राहिल्या.

साहेब खुर्चीतून उठले होते. त्यांनी मोबाइलवर फोटो काढला. मला क्षणभर वाटलं, या माणसाला पोचलं. ते म्हणाले, ‘सुंदर आहेत हो. पण पक्षीच शेवटी. दुसरीकडे जातील की.’

सुमेध त्यांच्या शेजारी उभा होता. त्याने आवाज चढवला नाही.

‘साहेब, हितं छावणी व्हायच्या आधी आमची वस्ती व्हती. त्या बांधाच्या जागी आमच्या पणजोबाचं खोपट. छावणीसाठी उठवलं. तवा आलेला साहेबबी असंच म्हणला व्हता म्हणं. दुसरीकडं जातील की. आमी गेलो दुसरीकडं. कुटं कुटं गेलो, विचारा एकदा.’

कुणीच विचारलं नाही. साहेबांनी ड्रायव्हरला खूण केली. गौरा बाजूला झाली आणि जीप गेली.

पहिल्या संध्याकाळपासून भेटत असूनही सुमेधने हे मला सांगितलं नव्हतं. परतताना मी त्याला विचारलं, ‘मग जमीन तुम्हालाच परत मिळावी, असं नाही वाटत?’

‘वाटतं की. आई तर रोज म्हणती. पण विकल्यावर ती मला मिळणार हाय व्हय मॅडम? कुंपण पडंल, वॉचमन बसंल, आणि मलाच विचारंल, कुणाकडं जायचंय? हाय तशी राहिली तर निदान उभं तरी राहता येतंय.’

त्या रात्रीचं जेवण मी विसरणार नाही. मल्लिनाथ नेहमीसारखा आला, पाटावर बसला. गौराने भाकरी वाढली, आमटी वाढली आणि उभी राहूनच विचारलं.

‘भावजी, आग कुणी लावली?’

‘बिडी टाकली असंल कुणी.’

‘सगळ्या कडंला? एकाच वेळी?’

‘सुम्न कुंदर्री वैनी,’ तो खाली बघत म्हणाला, म्हणजे गप्प बसा. ‘पाहुण्या हायत.’

‘पाहुणीम्होरंच सांगते. माझ्या पट्टीतनं रस्ता जाणार न्हाय. आज न्हाय, कदीच न्हाय.’

मल्लिनाथने ताट हळूच पुढे सरकवलं, आदळलं नाही. ‘मग चूल वेगळी करावी लागंल, वैनी.’

‘तुमी बोलला. मी न्हाय बोलले.’

तो उठून गेला. त्याच्या ताटात भाकरी तशीच होती. गौराने ती उचलली, दुरडीत ठेवली आणि माझ्यासमोर बसून जेवायला लागली.

होटगी

मला स्टेशनवर सोडायला मल्लिनाथच आला. मी नको म्हटलं, त्याने ऐकलं नाही. पाहुण्याला तिथे एकटं पाठवत नाहीत. फलाटावर त्याने शेंगाचटणीची पिशवी माझ्या हातात दिली आणि म्हणाला, ‘बाई, एक विचारू का? तुमच्या कोकणात डोंगर कापत न्हाईत?’

मला आमच्या घरामागचा सडा आठवला. कातळाचा, उघडा, पावसाळ्यात इवल्या जांभळ्या फुलांनी भरणारा. त्यावरही प्लॉट विकण्याच्या पाट्या लागल्या आहेत. ‘कापतात,’ मी म्हटलं. ‘आणि तिथेही हेच म्हणतात. इथं काही नाही.’

त्याने मान हलवली. जिंकल्यासारखी नव्हे, दमल्यासारखी. आग त्यानेच लावली का, हे मी त्याला विचारणार होते. गाडी आली आणि मी विचारलं नाही. चटणी मात्र घरी आणली आणि खाल्लीही. त्या चटणीचाही मला राग येतो.

परवा गौराचा फोन आला. साहेबांनी माळ पडीक असल्याचं कळवलं आहे. पण रस्ता नाही म्हटल्यावर सोलापूरचे चौघे बिचकले आणि लिलाव पुढे गेला. रद्द झालेला नाही. गावातली चार माणसं गौराला समजवायला येऊन गेली. तिच्या स्वतःच्या मुलानेही पुण्याहून सांगितलं, ‘आई, देऊन टाक, कशाला वाईट होतेस?’ ती एकटीची भाकरी थापते. शेजारच्या आजी तेवढ्या येतात.

‘सुमेध येतो का?’

‘येतो की. सुट्टीला. काळ्या मातीत बसून राहतो.’

‘गवत परत येईल का गं?’

‘येतंय. मुळं जळत न्हाईत. एक पाऊस पडला की येतंय.’ मग म्हणाली, ‘वाळलं की परत पेटवतील.’

‘मी दिवाळीनंतर येते,’ मी म्हटलं. ‘भोवत्या बघायला.’

‘बघायला नगं येऊस,’ गौरा म्हणाली. ‘राखायला ये.’